चालत्या डब्यात हात

जगातल्या सगळ्या गोष्टी दोनच प्रकारच्या असतात, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. कोणी चांगलं-वाईट म्हणतं, कोणी आपलं-परकं. पण मीठ, साखर, मुलीचं नाव, सुनेचा स्वभाव आणि शहाद्याचा उन्हाळा हे सगळं एकाच दोनखणी फडताळात नीट बसवून दाखवणारा माणूस मला एकच भेटला, आणि तो आमच्याच वरच्या मजल्यावर तीन वर्षं भाड्यानं राहिला. त्याचे दोन खण असे : काही गोष्टी बांधतानाच्या, काही गोष्टी चालतानाच्या. तिसरा खण नाही. मी एकदा त्याला अडवायला म्हणून विचारलं, "आणि मरण?" तो जिन्यात थांबला, डोकं खाजवलं, आणि म्हणाला, "काकू, येणार हे बांधतानाचं. कधी, ते चालतानाचं." आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला निघून गेला.

तुम्ही दोघं फोनवर नेहमी विचारता ना, आजी, तुझा तो वरचा कसा आहे, म्हणून हे सगळं एकदा ओळीनं लिहून ठेवते. त्याला घरात नाव असं नव्हतंच. 'वरचा' एवढंच. त्यामुळे घोटाळेही व्हायचे. "वरच्याला विचारून सांगते," असं मी दूधवाल्याला म्हटलं की तो बिचारा डोळे मिटून हात जोडायचा. तो तळोद्याच्या बाजारपेठेतल्या एका मारवाडी घरातला. तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान, पण ह्यानं कधी मीटरपट्टी हातात धरली नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "दुकान माझ्यात घातलं होतं काकू, पण ते फक्त बांधतानापुरतं होतं. बांधून झाल्यावर शोधलं तर आत राहिलंच नाही." घरी मारवाडी, बाजारात अहिराणी आणि माझ्याशी मात्र जपून, इस्त्री केल्यासारखी मराठी बोलायचा. घाबरला की इस्त्री मोडायची आणि आतली अहिराणी बाहेर यायची. पस्तिशी ओलांडलेली, लग्न नाही, डोक्यावर केस थोडे आणि ते सगळे एकाच बाजूला.

काम दूरच्या शहरातल्या एका कंपनीचं, पण बसायचा वरच्या खोलीत, पंख्याखाली. कोणी विचारलं तर सांगायचा, "कंटेनरचं काम करतो." ते ऐकून गावातले दोन मिरचीचे व्यापारी त्याच्याकडे सुक्या मिरच्या मुंबईच्या बंदरापर्यंत पोचवायचा दर विचारायला आले होते. त्यानं त्यांना चहा पाजला आणि तासभर समजावलं. ते खाली उतरताना एक दुसऱ्याला म्हणाला, "पोऱ्या चांगला शे, पण गाडी कोठे शे तेन्ही?"

मला मात्र त्याचं काम कळलं, आणि कळलं ते माझ्या स्वयंपाकघरामुळे. माझे डबे तुम्हाला आठवत असतील. प्रत्येकावर पट्टी, पट्टीवर नाव आणि भरल्याची तारीख. तो पहिल्यांदा आत आला तेव्हा त्या फळीसमोर देवळात उभं राहावं तसा उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, मी हेच करतो." मग त्यानं सांगितलं ते असं. एक कृती लिहिलेली असते, पाककृतीसारखीच. यंत्र ती ओळीनं वाचतं, प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरतं आणि झाकण लावतं. मग तो डबा कुठल्याही गावच्या यंत्रावर सुरू करा, आतला प्रोग्राम तसाच्या तसा चालतो. त्या कृतीत काही जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. त्यातल्या काही डबा भरतानाच भरायच्या. त्या भरण्यापुरत्याच उपयोगाच्या, झाकण लागलं की संपल्या. चालू डब्याला नंतर विचारलं तर त्याला त्यातलं काही आठवत नाही. बाकीच्या जागा डबा सुरू करताना भरायच्या, ज्या गावी असू त्या गावाप्रमाणे. पहिल्या प्रकाराला तो 'आर्ग' म्हणायचा आणि दुसऱ्याला 'एन्व्ह'. आता माझे कान म्हातारे, त्यात डोक्यावरचा पंखा, मी ते 'अर्घ्य' असं ऐकलं. म्हटलं, बरोबर आहे, अर्घ्य दिलं की पाणी नदीला मिळालं, ओंजळीत काय राहणार? तो इतका खूश झाला की त्या दिवसापासून स्वतःही अर्घ्यच म्हणायला लागला. कंपनीच्या लोकांशी फोनवर बोलतानासुद्धा. तिकडे कोणी बंगळूरचा माणूस होता, तो पुढं कित्येक दिवस हा संस्कृत शब्द इंग्रजीत कसा लिहायचा ते विचारत होता.

हे ज्ञान त्यानं कामापुरतं ठेवलं असतं तर तो वरचा कशाला झाला असता? खाली चहाला आला की कप हातात घेण्याआधी विचारायचा, "साखर बांधतानाच घातली का काकू?" त्याच्या मते मीठ हे बांधतानाचं, कारण वरून घातलेलं मीठ जिभेला कळतं. साखर मात्र चालतानाची, ज्यानं त्यानं आपल्या जिभेप्रमाणे घ्यावी. ती आधीच ओतून ठेवणं म्हणजे सगळ्या गावाला एकाच मापाची चप्पल. त्याचं हे म्हणणं मला पटलं आणि मी पाहुण्यांना साखर वेगळी द्यायला लागले. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ 'मॅडमना मधुमेह झाला' असा घेतला गेला आणि चार जणी कारल्याचा रस घेऊन आल्या.

पण त्याचा खरा हट्ट वेगळाच होता. "चालत्या डब्यात हात घालायचा नाही," हे त्याचं ब्रीद. चालू असलेल्या डब्यात काही बिघडलं तर आत हात घालून दुरुस्ती करायची नाही. तो डबा फेकून द्यायचा, कृती सुधारायची आणि पहिल्यापासून नवा डबा बांधायचा. नाहीतर आत काय बदललं हे कोणालाच ठाऊक राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो डबा बंद पडला की रडायला कृतीचाही आधार नाही. यंत्रांच्या बाबतीत हे शहाणपणाचं असेल. पण ह्यानं गट्ट्याची भाजी केली आणि तिखट कमी पडलं, तर वरून तिखट घालायचं नाही. ती भाजी बाहेर, वहीतल्या कृतीत दुरुस्ती, आणि पुन्हा बेसन भिजवण्यापासून सुरुवात. आमच्या गल्लीतली कुत्री त्या तीन वर्षांत अशी तुकतुकीत झाली होती की दुसऱ्या गल्लीतून सोयरिकी यायच्या. शर्टाचं बटण तुटलं तर बटण लावायचं नाही, शर्ट बदलायचा. मला अर्ज लिहून देताना शेवटच्या ओळीत काना राहिला, तर पूर्ण अर्ज नव्यानं. एकदा प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर त्याची मोटरसायकल बंद पडली. कोणीतरी ढकलून सुरूही करून दिली. पण हा पठ्ठ्या पुढं न जाता उलट शहाद्याला परत आला, फाटकातून आत गेला, गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली आणि मग निघाला. मी खिडकीतून विचारलं, "अरे, चालू होती ना?" तर म्हणाला, "चालू होती काकू, पण कशी चालू होती ते मला माहीत नव्हतं."

असा हा माणूस आपल्या ब्रीदाला एकदाच चुकला. त्या वेळी मी तिथे होते, आणि चुकीत माझाही वाटा होता.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सातपुड्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे. पावरा आदिवासी घरातली. शाळेत असताना वसतिगृहात राहायची, वर्गात फारसं बोलायची नाही, आणि बोलली की तिची पावरी बोली मध्ये यायची. मी म्हणायचे, "शुद्ध बोल. पुन्हा म्हण." ती पुन्हा म्हणायची. एवढ्यावरून मला वाटायचं की मी तिला शिकवते आहे. तर ही सिस्टर एका दुपारी माझ्याकडे आली. तिच्या पाड्यांवर लस द्यायचा दिवस दर महिन्याला बदलतो. कचेरीतून मराठीत छापलेला कागद येतो आणि अंगणवाडीच्या दारावर चिकटतो. मागच्या महिन्यात कागदावर 'पुढील बुधवारी' असं होतं. कोणीतरी ते वाचून एका बाईला 'येता बुधवार' असं सांगितलं. ती बाई बाळाला पाठीशी बांधून तीन तास डोंगर उतरून आली, तर केंद्राला कुलूप. लस होती त्याच्या पुढच्या बुधवारी. "आता ती येईना मॅडम," सिस्टर म्हणाली. "मी दोनदा घरी जाऊन आले. म्हणते, तुमचा कागद खोटं बोलतो. बाळाच्या दोन लसी राहिल्यात."

वरचा जिन्यात उभा राहून हे ऐकत होता. तो खाली आला आणि म्हणाला, "कागदाऐवजी डबा बोलला तर?"

पंधरा दिवस त्याला दुसरं काही सुचलं नाही. साबणाच्या वडीएवढा एक संगणक, त्याला छोटा स्पीकर आणि एक हिरवं बटण. बटण दाबलं की यंत्रानं वार आणि वेळ बोलून दाखवायची. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, तेव्हा सगळं आतच असायला हवं. वार आणि गाव या गोष्टी उघडच चालतानाच्या, त्या सुरू करताना सांगायच्या. आवाज तीन भाषांत. पावरी आवाज सिस्टरच्या आईनं दिला, आपल्या अंगणात बसून. मध्येच एक कोंबडी ओरडली आहे. अहिराणी त्यानं स्वतः बोलली. आणि मराठीसाठी, अर्थातच, मी. मी चांगली तयारी केली. गरम पाण्यानं गुळण्या केल्या, पंखा बंद करायला लावला आणि सांगितलं, "मातांनो, कृपया लक्ष द्या. आपल्या बाळांचे लसीकरण बुधवारी सकाळी दहा वाजता होईल." मग बाकीचे वारही एकेक करून म्हटले, एकेक अक्षर मोत्यासारखं. मग आम्ही दोघं रोज संध्याकाळी ते यंत्र लावून बघायचो. तो म्हणायचा, "वार बदलून पाहू?" मी म्हणायचे, "बघ." मग माझाच आवाज, सोमवार, मंगळवार, गुरुवार. खरं सांगते, मला तो फार आवडायचा.

तिथल्या आरोग्य केंद्राचे डॉक्टरसाहेब एका पाड्यावर येऊन यंत्र बघणार असं ठरलं. पसंत पडलं तर सगळ्या पाड्यांवर लावणार, नाहीतर पुन्हा कागद. सिस्टरनं त्या बाईलाही निरोप पाठवला होता. तळोद्याहून जीप पकडली. म्हातारी म्हणून मला पुढं बसवलं आणि वरचा मागं, मांडीवर डबा आणि लॅपटॉप घेऊन, वळणावळणाला "हळू भो, हळू" करत. अंगणवाडीच्या ओट्यावर पंधरा-वीस बाया, कडेवर मुलं. एका कडेला एक तरुण बाई बाळ पाठीशी बांधून उभी होती, निघायच्या तयारीत असल्यासारखी. सिस्टरनं मला डोळ्यानंच खुणावलं, तीच.

वरच्यानं यंत्र सुरू केलं, सुरू करताना गाव सांगितलं, वार सांगितला, भाषा 'पावरी' सांगितली. सिस्टरनं बटण दाबलं. आणि त्या डोंगरात, त्या शांत ओट्यावर माझा आवाज घुमला, "मातांनो, कृपया लक्ष द्या."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी सिस्टरला पावरीत काहीतरी विचारू लागली आणि सिस्टर ओठ दाबून हसू आवरायला लागली. मी विचारलं, "काय म्हणते?" सिस्टर म्हणाली, "राहू द्या ना मॅडम." मी म्हटलं, "सांग." तेव्हा ती म्हणाली, "विचारतेय, ही बाई कोण आहे आणि एवढी कोणावर रागावली आहे?"

डॉक्टरसाहेबांनी घड्याळ बघितलं. "छान आहे," ते म्हणाले. "पण हे आपल्या कागदासारखंच झालं. मग कागद काय वाईट? त्याला वीज लागत नाही." कडेची ती बाई बाळाचं फडकं आवळून वळली.

वरच्यानं लॅपटॉप उघडला आणि कृती वर-खाली करून पाहिली. मग मराठीची इस्त्री एकदम मोडली. "काकू! भाषा अर्घ्यमा वाही गई!" कृतीत त्यानं वार आणि गाव चालतानाचे ठेवले होते, पण भाषा बांधतानाची. बांधताना तिथं मराठी लिहिलेलं होतं, म्हणून यंत्रानं डब्यात फक्त मराठीचे आवाज भरले आणि झाकण लावलं. आता सुरू करताना पावरी म्हणा की फ्रेंच म्हणा, आत होते फक्त माझे मोती. आणि आम्ही दोघांनी पंधरा दिवस रोज ऐकलं ते फक्त आम्हाला कळणाऱ्या भाषेत. भाषा पावरी करून बटण एकदाही दाबून बघितलं नाही, कारण पावरी बरोबर की चूक हे आपल्याला कुठं कळणार, असं दोघांनाही वाटलं.

"मंग आते काय, शेठ?" सिस्टरनं विचारलं. ती त्याला चिडवायला शेठच म्हणायची.

"पुन्हा बांधनं पडी. आठे नेटच नही. घर जाईसन बांधस, पुढला आठवडामा—"

"पुढच्या आठवड्यात डॉक्टरसाहेब नाहीत. आणि ही बाई तर आत्ताच चालली. आईचा आवाज लॅपटॉपमध्ये आहे ना?"

"शे."

"मंग टाका ना आत."

"चालता डबा शे, सिस्टर!" त्यानं हे ज्या सुरात म्हटलं त्या सुरात लोक 'देव्हारा आहे' म्हणतात.

सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "शेठ, मी रोज चालत्या माणसात सुई घालते. आधी माणूस बंद करू, नवा बांधू, आणि मग लस देऊ, असं करू का?"

ओट्यावरच्या दोन-चार बायांना बहुतेक तेवढं कळलं, कारण त्या हसल्या. वरचा उठला. कोपऱ्यातल्या माठाजवळ गेला, ओगराळ्यानं पाणी घेतलं आणि चक्क हात धुतले. रुमालाला पुसले. मग खाली बसून त्यानं ते आवाज चालत्या डब्यात घातले. दोन मिनिटंही लागली नाहीत, पण त्याच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला होता. सिस्टर तेवढ्यात धावत जाऊन त्या बाईला फाटकापाशी धरून उभी होती. वरच्यानं स्वतः बटण दाबलं.

सिस्टरची आई बोलू लागली. मला एक शब्द कळला नाही. पण ते रागावणं नव्हतं, ते अंगणात बसून शेजारणीला हाक मारणं होतं. मध्ये कोंबडी ओरडली तेव्हा ओट्याखालच्या खऱ्या कोंबड्यानं मान वर केली आणि सगळ्या बाया खदखदून हसल्या. मग एक म्हातारी पुढं आली, बटण स्वतः दाबलं, पुन्हा ऐकलं आणि बोटांवर दिवस मोजले. फाटकातल्या त्या बाईनं पाठीवरचं बाळ सावरलं. सिस्टरनं तिला दोन प्रश्न विचारले. तिनं मान हलवली की नाही ते मला इतक्या लांबून दिसलं नाही, आणि ती डोंगर चढून गेली. डॉक्टरसाहेब म्हणाले, "ठीक आहे. सगळीकडे लावा."

परतीच्या जीपमध्ये वरचा तळोद्यापर्यंत लॅपटॉप मिटून मांडीवर धरून बसला होता. शेवटी म्हणाला, "काकू, तो डबा आता कसा चालतोय ते फक्त मला माहीत आहे. वाईट आहे हे." घरी पोचल्यावर तो जेवला नाही, कृती उघडून बसला. तिन्ही भाषा बांधतानाच आत घातल्या आणि कोणती बोलायची ते चालताना सांगायचं असं केलं. ह्या वेळी सिस्टरच्या आईला तळोद्याला बोलावून, तिच्यासमोर प्रत्येक भाषा लावून बटण दाबून पाहिलं. मग एकेक पाडा करत त्यानं डबे लावले. जीपा तळोद्याहून सुटतात, म्हणून आठवड्यातून तीन दिवस तिकडेच राहायला लागला, मग पाच दिवस, आणि गेल्या महिन्यात सामान घेऊनच गेला. बापाच्या दुकानाच्या माडीवर राहतो म्हणे. जाताना मला वाकून नमस्कार केला आणि वरच्या खोलीची किल्ली अशी हातात दिली की जणू ती मी त्याला कालच दिली होती. खोली मी अजून कोणाला दिलेली नाही. दुपारी कधी वर जाऊन खिडक्या उघडते आणि परत लावते.

ती बाई आली. सांगितलेल्या बुधवारी, वेळेच्या आधी. सिस्टरनं फोनवर सांगितलं की अंगणवाडीत शिरल्यावर तिनं आधी बटण दाबलं, पूर्ण ऐकलं, आणि यंत्राला उत्तर दिलं. "काय म्हणाली?" मी विचारलं. "म्हणाली, आले आहे. आणि बाळाचं नाव सांगितलं." बाळाच्या दोन्ही राहिलेल्या लसी त्याच दिवशी झाल्या.

इतकी वर्षं वर्गात उभं राहून मी मुलांकडून उत्तरं घेतली, पण असं कोणी मला कधी आपणहून सांगितलं नाही, की मी आले आहे. दोष मुलांचा नव्हता. आता दर रविवारी सिस्टरचा फोन येतो आणि मी तिच्याकडून पावरीचे चार-चार शब्द शिकते. पाणी, बाळ, ये, बस. वहीत लिहून घेते, पण वहीतलं आणि तोंडातलं फार वेगळं पडतं. माझी जीभ वळत नाही. परवा 'ये' म्हणताना मी पाच वेळा चुकले. ती तिकडून जराही हसली नाही. अगदी हळू म्हणाली, "मॅडम, पुन्हा म्हणा."